पोर्ट बुजवला म्हणजे बॉक्स सील्ड झाला का?

डिकीतल्या सबवूफरचा बेस ढिला वाटू लागला की एक सल्ला हमखास मिळतो: पोर्टमध्ये फडकं कोंबा, बॉक्स सील्ड होईल आणि आवाज घट्ट होईल. पोर्ट म्हणजे हवा जायला ठेवलेलं नुसतं भोक, हा समज या सल्ल्यामागे आहे. प्रत्यक्षात पोर्टमधली हवा वजनासारखी आणि बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. दोन्ही मिळून एका ठरावीक वारंवारतेला घुमतात. गाडीच्या बॉक्समध्ये ती बहुधा ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास असते. तिथे बहुतेक आवाज स्पीकरच्या पडद्यापेक्षा पोर्टच देतो. म्हणून पोर्ट बंद केला की यंत्राचा एक कामाचा भाग निघून जातो. उरलेलं यंत्र कसं वाजेल, हे स्पीकरची आकडेवारी आणि बॉक्सचे लिटर ठरवतात.

हा हिशोब अवघड नाही. स्पीकरसोबतच्या कागदावर क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे असतात. व्हीएएसला बॉक्सच्या आतल्या लिटरने भागायचं, त्यात १ मिळवायचा, वर्गमूळ काढायचं आणि क्यूटीएसने गुणायचं. उत्तर ०.७च्या जवळ आलं तर बेस सपाट आणि नेटका मिळतो. समजा, पोर्ट काढल्यावर बॉक्स ६० लिटरचा आहे आणि व्हीएएस ४० लिटर. क्यूटीएस ०.५ असेल तर उत्तर ०.६५ येतं आणि बदल चांगला जमतो. तोच ०.३ असेल तर उत्तर ०.३९ येतं, म्हणजे बेस वरच्या पट्टीपासूनच उतरू लागतो आणि पातळ वाटतो. बॉक्स तोच, पोर्ट बंद करण्याची रीतही तीच, तरी निकाल वेगळा.

बॉक्स मोठा वाटला तर आत फायबरचा कापूस भरावा, हा दुसरा गैरसमज. कापसामुळे स्पीकरला बॉक्स उलट आणखी मोठा भासतो. आकारमान कमी करायचं तर आत लाकडी ठोकळे किंवा फळीची भिंत पक्की बसवावी लागते. फडक्याचंही तसंच आहे: त्यातून हवा झिरपते, म्हणून बॉक्स धड पोर्टेड राहत नाही आणि धड सील्डही होत नाही. बॉक्सच्याच जाडीचा एमडीएफचा तुकडा, गोंद, स्क्रू आणि आतून सीलंट, एवढं केल्यावरच तो हवाबंद होतो.

सील्ड बॉक्समध्ये खोल बेस उरतच नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पोर्टच्या वारंवारतेजवळचा जोर नक्की कमी होतो आणि तो भरून काढायला ॲम्प्लिफायरची जास्त ताकद लागते. पण त्याखाली पोर्टेड बॉक्सचा आवाज दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने कोसळतो, तर सील्डचा सुमारे १२ने. गाडीची बंद केबिन खालच्या सुरांना मुळातच उठाव देते, त्यामुळे सील्डचा संथ उतार गाडीत बराच भरून निघतो. शिवाय पोर्टच्या वारंवारतेखाली पोर्टेड बॉक्समधल्या पडद्याला हवेचा आधार राहत नाही. सील्डमध्ये तो टिकतो.

म्हणून आधी कागद, मोजपट्टी आणि वर्गमूळ, मगच गोंद. गणित जुळत नसेल, तर पोर्ट उघडाच ठेवणं शहाणपणाचं.