चूल निर्धूर राहावी म्हणून

वेगळा संसार थाटण्याला मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ असे म्हणतात. घर आणि चूल यांचे नाते इतके निकटचे आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागातील असंख्य कुटुंबांच्या स्वयंपाकघरात गॅस पोहोचला. तथापि, चूल पूर्णपणे विझलेली नाही. आंघोळीचे पाणी तापविणे, जनावरांसाठी आंबोण शिजविणे, भाकऱ्या भाजणे किंवा सिलिंडर संपल्यावर दोन वेळचे अन्न शिजविणे, यांसाठी अनेक घरांत आजही सरपणच जळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरीत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३.२ टक्के होते. म्हणूनच जेथे चूल पेटते तेथे ती कमीत कमी धूर करील आणि घरातील कोणालाही इजा होणार नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

धूर म्हणजे वाया गेलेले इंधन

लाकूड पूर्णपणे जळाले तर त्यातून मुख्यतः उष्णता, पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हवा अपुरी पडली किंवा लाकूड ओले असले म्हणजे ज्वलन अर्धवट होते आणि धूर निर्माण होतो. या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. लहान मुलांतील न्यूमोनिया, प्रौढांतील श्वसनमार्गाचे जुनाट विकार, हृदयविकार आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध असल्याचे सिद्ध झाले आहे. घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे तासन्‌तास बसणारी गृहिणी आणि तिच्या जवळ खेळणारी मुले यांनाच या धुराची झळ सर्वाधिक लागते.

देखभालीअभावी वाया गेलेले प्रयत्न

निर्धूर चुलीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडीत धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. १९५३ साली हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरासंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. मात्र त्यांतील पुष्कळशा चुली काही वर्षांतच निकामी झाल्या. धुराडे काजळीने तुंबणे, चुलीला तडे जाणे आणि दुरुस्तीची व्यवस्था नसणे ही त्यामागील प्रमुख कारणे होती. चूल बांधणे हे एका दिवसाचे काम असले, तरी ती निर्धूर ठेवणे हे वर्षभराचे काम आहे, हाच या अनुभवाचा बोध होय.

धुराडे काम कसे करते?

तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. धुराड्यातून ती वर जाऊ लागली म्हणजे तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ जितकी चांगली, तितके ज्वलन चांगले. धुराड्याची उंची पुरेशी असेल आणि त्यातील हवा गरम राहिली, तर ओढ टिकते. चुलीला तडा गेला, वैलावर भांडे नीट बसले नाही किंवा नळाचा सांधा उसवला, की तेथून गार हवा आत शिरते आणि ओढ मंदावते. नळात काजळीचे थर साचले म्हणजे धुराची वाट अरुंद होऊन तो उलटा घरात पसरतो. ओल्या लाकडाच्या धुरातील डांबरासारखा चिकट भाग नळाच्या आत थिजतो. हा थर ज्वालाग्राही असल्याने प्रसंगी धुराड्यातच आग लागण्याचा संभव असतो.

पावसाळ्यापूर्वीची कामे

वर्षातील मोठी साफसफाई मृग नक्षत्र लागण्यापूर्वी उरकावी. त्यासाठी चूल आदल्या दिवसापासून विझवून पूर्ण थंड होऊ द्यावी. नाकातोंडावर ओले फडके बांधावे. धुराड्याची टोपी काढून, दोरीला काथ्याची किंवा चिंध्यांची घट्ट मोळी बांधून ती नळातून वरखाली फिरवावी आणि तळाशी साचलेली काजळी काढून घ्यावी. कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यांवर थेट पाय देऊन चढू नये. भक्कम शिडी वापरावी व खाली एक माणूस उभा ठेवावा.

जुन्या चुलींचे नळ बहुधा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे असत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने असा नळ करवतीने कापू नये, कानशीने घासू नये किंवा तारेच्या ब्रशाने खरवडू नये. तो फुटला असल्यास ओला करून, तुकडे न करता उतरवावा व त्याऐवजी पत्र्याचा किंवा भाजक्या मातीचा नळ बसवावा.

चुलीचे तडे माती, शेण व भुसा यांच्या मिश्रणाने बुजवावेत. लिंपण सावकाश सुकू द्यावे; ते ओले असताना मोठा जाळ केल्यास पुन्हा भेगा पडतात. नळ छपरातून जेथे बाहेर पडतो तेथे लाकडी वासा, गवत किंवा झावळ्या त्याला टेकलेल्या नसाव्यात. पावसाचे पाणी आत उतरू नये यासाठी टोपी पुन्हा पक्की बसवावी. काम झाल्यावर चुलीच्या तोंडाशी पेटती काटकी धरून पाहावी. धूर आत ओढला गेला तर धुराडे मोकळे आहे असे समजावे.

पावसाळ्यातील जळण

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असू शकतो. एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ओले लाकूड जाळणे म्हणजे आधी त्यातील पाणी उकळविण्यासाठी इंधन खर्च करणे होय. यास्तव सरपण उन्हाळ्यातच फोडून, वाळवून, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आडोशाला रचावे. जाड ओंडक्यांपेक्षा मनगटाएवढे ढलपे लवकर व कमी धुरात जळतात. पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्याही कोरड्याच वापराव्यात. सरपण सुकविण्यासाठी चुलीला चिकटवून ठेवण्याची सवय मात्र धोक्याची आहे. या दिवसांत धुराडे पंधरवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा साफ करावे.

थंडीतील अदृश्य धोका

थंडीच्या दिवसांत ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या बंद करण्यात येतात. हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. निखारे धूर करीत नसले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडीत असतात. या वायूला रंग नाही व वासही नाही. प्राणवायूच्या तुलनेत तो रक्तातील हिमोग्लोबिनला दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे होत. झोपेत ती जाणवतही नाहीत. यासाठी झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर ठेवावी. कोणास अशी लक्षणे दिसल्यास त्यास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उन्हाळ्यातील दक्षता

फाल्गुनापासून वारे कोरडे वाहतात आणि अंगणात कडब्याच्या गंजी उभ्या असतात. वरून विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत राहू शकतात. अशी राख उकिरड्यावर टाकल्याने आगी लागतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावी आणि पाणी शिंपडून पूर्ण थंड झाल्यावरच टाकावी. चुलीजवळ पाण्याची भरलेली बादली व वाळूचे घमेले असावे. जाळ धरत नाही म्हणून रॉकेल ओतू नये. चुलीपुढे बसताना पदर खोचलेला असावा, कृत्रिम धाग्याचे कपडे टाळावेत आणि रांगत्या मुलाला चुलीपाशी एकटे सोडू नये.

गॅस व चूल एकाच घरात असताना

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो, आणि चुलीचा जाळही जमिनीलगतच असतो. त्यामुळे सिलिंडर व पेटती चूल एकाच खोलीत ठेवू नये. गॅसचा वास आल्यास चूल पेटवू नये, विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात व घराबाहेर जाऊन १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

भाजल्यास काय करावे?

कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये; जमिनीवर लोळावे किंवा जाड घोंगडीने ज्वाला दाबाव्यात. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. बर्फ, तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये आणि फोड फोडू नयेत. बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्यात. स्वच्छ कापडाने भाग सैल झाकून रुग्णास दवाखान्यात न्यावे.

चुलीची निगा हे एकट्या गृहिणीचे काम समजले जाते. वास्तविक छपरावर चढून धुराडे साफ करणे, सरपण फोडून ठेवणे, भेगा लिंपणे ही कामे घरातील पुरुषांनीही तितक्याच आपुलकीने अंगावर घ्यावयास हवीत. जेथे शक्य आहे तेथे गॅसचा वापर वाढवावा. जेथे चूल अपरिहार्य आहे तेथे ती ऋतू ओळखून जपावी. महिन्यातून तासाभराचे हे श्रम घरातील माणसांची फुप्फुसे, डोळे आणि प्राण वाचवू शकतात.