धातू सापडतो, सुरुंग सापडत नाही

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातली एक शरीरातच राहिली. ती शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विजेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र तयार केले. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात घेऊन वावरणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्यांनी ते आजमावले, तेव्हा गोळ्या सापडल्या. गारफिल्ड यांच्या बाबतीत मात्र दोनदा प्रयत्न करूनही हाती काही लागले नाही. राष्ट्राध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्या यंत्राच्या आवाजात घोळ घालत होत्या. शिवाय गोळी उजव्या अंगाला आहे अशी प्रमुख डॉक्टरांची ठाम समजूत असल्याने शोधही उजव्याच बाजूला झाला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्र पुरेसे संवेदनशील होते. काम अडले ते दोन ठिकाणी: भोवतालचा धातू आणि कुठे शोधायचे याचा निर्णय. जमिनीत पुरलेल्या, सहज न सापडणाऱ्या वस्तूंचा शोध आजही याच दोन ठिकाणी अडतो. तरीही दर वेळी अधिक ताकदवान यंत्राची मागणी होते, आणि ती मागणी चुकीच्या जागी बोट ठेवते.

याचा सर्वांत गंभीर पुरावा भूसुरुंगांच्या क्षेत्रात मिळतो, कारण तिथे न सापडलेली वस्तू कुणाचा तरी पाय किंवा जीव घेते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला. 1942 मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याने तो वापरला. जर्मनांनी यावर काढलेला तोडगा अगदी साधा होता. त्यांनी सुरुंगाचे कवच लाकडाचे केले, पुढे काचेचेही केले. धातू उरला तो फक्त स्फोटकाला चेतवणाऱ्या भागात. अमेरिकेच्या एम-14 या सुरुंगाने ही युक्ती टोकाला नेली. 56 मिलिमीटर रुंद, 40 मिलिमीटर उंच, वजन सुमारे 100 ग्रॅम. सगळे अंग प्लास्टिकचे, आत पोलादी टोकाची एक बारीक पिन. मुठीत मावणारी ही वस्तू पावलाखाली फुटते, आणि डिटेक्टरला मात्र त्या पिनेएवढाच धातू जाणवतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे यंत्राचा जोर वाढवणे. भौतिकशास्त्र इथेच आडवे येते. डिटेक्टरच्या कॉइलमधला बदलता प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्या क्षेत्रामुळे पुरलेल्या धातूत भोवरी प्रवाह उठतात, आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत येते. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर वाढले की जाणारे क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने घटते आणि येणारेही तिसऱ्या घाताने. दोन्ही मिळून सहावा घात. म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत चौसष्टपट क्षीण होतो. याचीच उलट बाजू अशी की कॉइलचे क्षेत्र दुप्पट केले तरी पोहोच जेमतेम बारा टक्के वाढते. मोठी कॉइल घेतली तर खोलवरची मोठी वस्तू कळते, पण क्षेत्र पसरट झाल्याने बारीक वस्तू निसटते. आणि आपल्याला हवी असते ती नेमकी बारीक वस्तू. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाढवलेला जोर फक्त सुरुंगाच्या वाट्याला येत नाही. जत्रेच्या गलबल्यात हरवलेल्या लेकराची हाक ऐकू यावी म्हणून कान कितीही तीक्ष्ण केले तरी गलबलाही तेवढाच वाढतो, तसे इथे होते.

या गलबल्यातला मोठा आवाज मातीचा असतो. बेसॉल्टपासून झालेल्या मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात; कॉइल जमिनीपासून थोडी खालीवर झाली तरी यंत्र बोलू लागते. हा त्रास यंत्र मातीशी जुळवून घेऊन बराचसा कमी करता येतो. खरी डोकेदुखी मॅगेमाइटसारख्या खनिजांच्या अतिसूक्ष्म कणांची आहे. क्षेत्र बंद झाले तरी या कणांचे चुंबकत्व लगेच विरत नाही, ते रेंगाळत उतरते. पल्स पद्धतीचा डिटेक्टर धातू ओळखतो तोही धातूतल्या प्रवाहांच्या अशाच रेंगाळण्यावरून. बारीक धातूतले प्रवाह फार लवकर विझतात, म्हणजे ज्या क्षणी मातीचा आवाज सर्वांत मोठा असतो त्याच क्षणी ते ऐकायचे असतात. अनेक वारंवारता एकाच वेळी वापरणारी यंत्रे आली, मातीचा संकेत वजा करणारी गणिते आली, त्यांचा फायदा निश्चित झाला. पण मातीसारखा संकेत देणारी वस्तूही त्या वजाबाकीत गळून जाते. ही अडचण कुठल्या परक्या मुलखापुरती नाही. दख्खनचे पठार बेसॉल्टचे आहे, कोकण आणि गोव्यात जांभा आहे. या दोन्ही प्रकारच्या जमिनी धातुशोधकाला जड जाणाऱ्यांत मोडतात. वाळूच्या पेटीत पंधरा सेंटिमीटर खोलीवर पिन दाखवणारे यंत्र जांभ्यावरही तेच करील, असे त्या चाचणीवरून म्हणता येत नाही.

गलबल्याचा दुसरा आवाज भंगाराचा. रणभूमीवर छर्रे, काडतुसांच्या पुंगळ्या, तारांचे तुकडे, खिळे विखुरलेले असतात. कंबोडियात 1992 ते 1998 या काळात सुरुंग काढणाऱ्या कामगारांनी सुमारे 20 कोटी वस्तू उकरल्या, त्यांतल्या 0.3 टक्क्यांहून कमी वस्तू सुरुंग किंवा अन्य स्फोटके होत्या. हजार ठिकाणी गुडघे टेकून, सळई तिरपी खुपसत, बाजूने बोटाबोटाने माती सारायची आणि त्यांतल्या जेमतेम तीन ठिकाणी खरा धोका निघायचा. यंत्राची संवेदनशीलता दुप्पट केली की खिळेही जास्त सापडतात आणि खड्डेही वाढतात. यावर कुणी म्हणेल, नाणी शोधणारे हौशी लोक करतात तसे यंत्रालाच लोखंडाचे तुकडे वगळायला सांगावे. पण हौशी माणसाचे एखादे नाणे सुटले तर नुकसान एका नाण्याचे. त्यातही गंजलेल्या खिळ्याशेजारचे नाणे खिळ्यासकट वगळले जाते, हा त्यांचाही नेहमीचा अनुभव आहे. सुरुंगाची पिन पोलादीच असते. जो गाळणा खिळा वगळील, तो पिनही वगळू शकतो.

मग धातूचा नाद सोडून दुसरेच काही शोधावे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला बऱ्याच अंशी मान्यता द्यायला हवी. भूमिभेदी रडार प्लास्टिकचे कवचही ओळखू शकते, कारण ते विद्युत गुणधर्मांतला फरक वाचते. ओल्या चिकणमातीत मात्र त्याच्या लहरी विरतात, आणि मुळे, दगड, पोकळ्या हेही परावर्तन देतात. म्हणून रडार आणि धातुशोधक एकाच दांड्यावर बसवलेली यंत्रे निघाली: एकाने इशारा द्यायचा, दुसऱ्याने तो तपासायचा. टांझानियात प्रशिक्षण दिलेले अपोपो संस्थेचे मोठे आफ्रिकी उंदीर स्फोटकाचा वास घेतात. खिळ्यांशी त्यांना देणेघेणे नसते आणि त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. कंबोडियात काम केलेल्या मगावा या उंदराला 2020 मध्ये ब्रिटनमधल्या पीडीएसए संस्थेने सुवर्णपदक दिले. या दोन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. पहिल्या यंत्राचा आवाज त्यांनी वाढवला नाही. वेगळ्या जातीचा दुसरा साक्षीदार उभा केला. माझ्या मते प्रगती झाली आहे ती याच दिशेने.

तिसरा साक्षीदार मात्र नेहमी दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे दांडा धरणारा माणूस. कार्नेगी मेलन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स स्टॅझव्स्की यांनी निष्णात सुरुंगशोधकांचे काम बारकाईने पाहिले. आवाज आला की नाही एवढ्यावर हे लोक थांबत नव्हते. कॉइल वेगवेगळ्या बाजूंनी हळूहळू सरकवत आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्या कडा ते मनात जोडत आणि त्या आकृतीवरून खाली काय असावे हे ठरवत. हीच रीत सैनिकांना शिकवल्यावर, यंत्र तेच असताना, कमी धातूचे सुरुंग ओळखण्याचे प्रमाण खूप वाढले. जमीन वाचण्याची किंमत आपल्या लष्करी इतिहासातही नोंदलेली आहे. रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सशी संलग्न असलेले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत यांनी 1941 मध्ये इथिओपियातले मेतेम्मा गाव काबीज झाल्यानंतरच्या पाठलागात 55 मैलांच्या रस्त्यावरची 15 सुरुंगक्षेत्रे स्वतः शोधून निकामी करून घेतली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. कोसात्स्कींचे यंत्र तेव्हा रणांगणावर आलेले नव्हते. त्या पलटणीची परंपरा आज खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये चालू आहे. माणूस थकतो, त्याचे लक्ष उडते, हे खरे. म्हणून तर कामाच्या पाळ्या लहान ठेवाव्या लागतात आणि तपासलेली जमीन दुसऱ्याने पुन्हा तपासावी लागते. पण थकव्यावर विश्रांती हा इलाज आहे. सहाव्या घातावर इलाज नाही.

न सापडणारी वस्तू सापडावी यासाठी सर्वांत परिणामकारक बदल तर कारखान्यात झाला. 1996 च्या सुधारित आंतरराष्ट्रीय नियमावलीने मानवविरोधी सुरुंगाने किमान 8 ग्रॅम लोखंडाइतका संकेत दिलाच पाहिजे असे बंधन घातले. भारताने ही नियमावली स्वीकारली आहे. सुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या 1997 च्या ओटावा करारावर मात्र सही केलेली नाही. नियमाआधी पुरलेल्या सुरुंगांना या 8 ग्रॅमचा काही उपयोग नाही, ते आहेत तिथेच आहेत. त्यांच्यासाठी यंत्र घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने विक्रेत्याला पहिला प्रश्न खोलीचा विचारू नये. आमच्या शेतातली माती चाचणीच्या जागी आणली होती का, आमच्याच माणसांनी यंत्र चालवले होते का, हे आधी विचारावे. आणि दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर माहितीपत्रकातला खोलीचा आकडा निर्णयात धरू नये.