नोकरी सोडण्याआधी झोप पूर्ण करा

घरात पहिल्यांदाच कुणाला तरी चांगला, महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणारा पगार सुरू झाला, की त्या पगारावर किती जण उभे असतात हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, धाकट्या बहिणीची फी, घराचा हप्ता. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणते, "मला ही नोकरी नको, मला गायचंय." कुणाला चित्रे काढायची असतात, कुणाला नाटक करायचे असते, कुणाला लिहायचे असते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "एवढ्या कष्टाने शिकवलं ते यासाठी?" दुसरा म्हणतो, "मन मारून जगण्यात काय अर्थ आहे?"

हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे काहींना वाटेल. पण ही ओढाताण घरच्या बैठकीत येण्याच्या कितीतरी आधी शरीरात आलेली असते. सतत पित्त होते, मान-पाठ धरते, झोप लागत नाही, रविवारची संध्याकाळ झाली की छातीत धडधडू लागते. अशा अवस्थेत घेतलेला निर्णय, नोकरी सोडण्याचा असो की गाणे सोडण्याचा, बहुधा थकव्याने घेतलेला असतो. म्हणून आधी तब्येत, मग निर्णय.

त्रास नोकरीचा की तासांचा?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. त्याआधी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट'ची तीन लक्षणे सांगितली होती: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि हातून नीट काम न होणे. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने होणारी ही स्थिती आहे.

आता आपला हिशेब मांडा. बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या माणसाचे नऊ तास ऑफिसात आणि तीन-चार तास गाडीत जातात. रात्री जेवण करून तो तालमीला बसतो आणि एक वाजता झोपतो. सहाला पुन्हा उठायचे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती वर्षभर पाच तासच मिळाली, तर त्याला नोकरीही नकोशी वाटेल आणि गाण्यातही सूर लागणार नाही.

म्हणून चार आठवडे एक वही ठेवा. झोपेचे तास, कामाचे तास, प्रवास, रियाज आणि दिवसभराचा मूड, एवढेच रोज लिहा. याच काळात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. यातले काही कमी-जास्त असले तरी माणूस मरगळलेला राहतो आणि दोष मात्र नोकरीला देतो. मग जमल्यास आठ-दहा दिवस रजा काढून नुसती झोप आणि रियाज करा. थकवा गेला आणि कामावर जावेसे वाटले, तर दुखणे तासांचे होते. थकवा गेला तरी कामाच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर नोकरी बदलण्याचा विचार खरोखर करायला हवा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल आणि ज्या गाण्यासाठी नोकरी सोडायची तेही गावेसे वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना गाठा. राजीनाम्याचा विषय उपचारानंतर.

पगार हेही औषध आहे

पगाराला कमी लेखू नका. वेळेवर मिळणारी गोळी, दुखणे अंगावर न काढणे, पोरांच्या ताटातले दूध-अंडे हे सगळे पगारातून येते. शिवाय कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. नव्या वैयक्तिक विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासूनच्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो. त्यामुळे आई-वडिलांना मधुमेह असेल तर त्यांची वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, म्हणजे प्रतीक्षेची वर्षे पगार चालू असताना निघून जातील. कंपनीची गट पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हेही राजीनाम्यापूर्वी विचारून घ्या.

गाण्याची कमाई मोसमी असते. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसते, लग्नसराईतही बोलावणी असतात, पण पावसाळा कोरडा जातो. म्हणून नुसती गेल्या एप्रिलची कमाई पाहून नोकरी सोडू नये. पूर्ण वर्षाचे उत्पन्न बाराने भागावे आणि येणाऱ्या आकड्यात घर चालेल का ते पाहावे. किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला असावा. पीएफ मोडून पहिला अल्बम काढू नये.

संध्याकाळ मोकळी हवी

नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा संग्रह १९६२ चा. दया पवार रेल्वेत नोकरी करीत होते आणि १९७८ मध्ये 'बलुतं' आले. आजही आपल्या गायन पार्ट्यांत दिवसा महापालिकेत, एसटीत, बँकेत काम करणारी माणसे आहेत. त्यांना नोकरी सोपी गेली असे मुळीच नाही. पण शाळा, रेल्वे अशा नोकऱ्यांना ठरलेले तास आणि ठरलेली सुट्टी असते. आजची मोठ्या पगाराची खासगी नोकरी रात्री अकरालाही फोन करते आणि रविवारही मागते.

त्यामुळे नोकरी ठेवणे आणि सोडणे यांच्यामध्ये तिसरी वाटही आहे. लाखाच्या नोकरीऐवजी साठ हजारांची पण सहाला सुटणारी नोकरी घेणे, घराजवळ बदली मागणे, रात्रपाळी नाकारणे. यात महिन्याला काही हजार रुपये जातात, पण रोजचे दोन-तीन तास आणि झोप परत मिळते. ज्यांना पूर्णवेळ कलाकारच व्हायचे आहे, त्यांनाही या वाटेने दोन-तीन वर्षे चालून आपले गाणे किती पोसते हे पाहता येते.

कलेचेही आजार असतात

पूर्णवेळ कलाकार झाले की तब्येत आपोआप सुधारते, हा भ्रम आहे. सलग कार्यक्रमांत घसा बसतो आणि स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, नुसत्या मधावर आणि ज्येष्ठमधावर काढू नका. मोठ्या स्पीकरशेजारी तासन् तास उभे राहिल्याने बहिरेपण येते आणि ते परत जात नाही. अमेरिकेतील निओश ही संस्था ८५ डेसिबलपर्यंतच्या आवाजात दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. वादकांनी, साऊंडवाल्यांनी कानात बोळे घालण्याची लाज बाळगू नये. मध्यरात्री जेवण, कार्यक्रमानंतरची दारू आणि पहाटे झोपेत गाडी चालवणे, या तीन गोष्टी टाळाव्यात.

घरच्यांशी बोलताना

आई-वडिलांचा विरोध बहुतेक वेळा कलेला नसतो. त्यांनी बिनपगारी दिवस पाहिलेले असतात आणि ते पुन्हा यायला नकोत, एवढेच त्यांना हवे असते. तेव्हा त्यांच्यासमोर स्वप्नाबरोबर कागदही ठेवा: घरात दरमहा किती देणार, विमा कुणाचा, किती महिन्यांची शिल्लक आणि एक वर्षाने काय तपासायचे. तारीख ठरवून लिहा. त्या तारखेला हिशेब जमला नाही तर पुन्हा नोकरी धरायची. त्यात कमीपणा काहीच नाही. गाणे तेव्हाही संध्याकाळी चालूच राहील.

वडीलधाऱ्यांनीही एक करावे. पोराने राजीनाम्याची गोष्ट काढली, की लोक काय म्हणतील हे विचारण्याआधी त्याला विचारावे, "बाळा, झोप किती तास होते तुझी?"