घर विकताना : लोणा, भेगा आणि पूररेषा

अकोल्यात जुने घर विकायला काढले की, मालक सर्वप्रथम रंगाऱ्याला बोलावतो. भिंतीचा लोणा, जोत्याच्या भेगा, पुराच्या पाण्याची खूण, सारे रंगाखाली जाते. कायद्याच्या दृष्टीने विक्रेत्याची अडचण नेमकी येथेच सुरू होते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे कपटाचे मानले जाते. उघडी भेग खरेदीदाराला दिसते. लांबी भरून रंगवलेली दिसत नाही. म्हणजे दोष झाकणारा मालक स्वतःची जबाबदारी वाढवून घेतो.

वऱ्हाडात हे दोष बहुधा जमिनीतूनच येतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भिंती तडकतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तेथे बोअरचे पाणी खारट निघते आणि तेच बांधकामाला वापरले असेल तर लोणा पिच्छा सोडत नाही. वरून कितीही रंग लावा, पापुद्रे सुटतातच. 'बोअरला भरपूर पाणी' अशी जाहिरात करण्यापूर्वी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात, असे भारतीय मानक सांगते. तपासणीचा अहवाल खरेदीदाराच्या हाती देणे उत्तम.

मोर्णाकाठच्या घरांचा प्रश्न अधिक नाजूक. जुलै २०२१ मध्ये शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर कोणत्या रेषेत येते, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावे. निळ्या रेषेच्या आत पुनर्बांधणीवर निर्बंध येतात आणि किमतीवर सर्वाधिक परिणाम याचाच होतो.

राहिले छपराचे पत्रे. सर्रास सिमेंटचे म्हटल्या जाणाऱ्या जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. अखंड पत्रा फारसा धोक्याचा नाही. तो फोडताना वा कापताना उडणारे तंतू फुप्फुसांना घातक ठरतात. विक्रीपूर्वी घाईने ते उतरवू नयेत. उतरवायचेच झाल्यास पाणी मारून, न फोडता उतरवावेत.

हे सर्व दोष खरेदीखतातच लिहून घ्यावेत. तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करणे कठीण जाते.