दोन चुलींमधले बालपण

समजा, बारा वर्षांच्या मुलीचे पोट वारंवार दुखते. रक्त-लघवी तपासून झाली, जंतांचे औषध दिले, सोनोग्राफीही झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग डॉक्टर विचारतात, ‘घरी कोण कोण असतं?’ मुलगी आईकडे बघते आणि हळूच सांगते, ‘मोठी आई, धाकटी आई आणि आम्ही पाच भावंडं.’ दुखण्याचा धागा अनेकदा इथे सापडतो.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटक सीमेवरचे, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे बाजारपेठेचे गाव. इथे काय किंवा राज्यात इतरत्र काय, ‘मूल होत नाही’, ‘मुलगाच नाही’ म्हणून दुसरी बायको केल्याच्या गोष्टी जुन्या माणसांना नव्या नाहीत. शहापूर तालुक्यातील डेंगणमाळ येथे पाणी भरण्यासाठी दुसरे-तिसरे लग्न केल्याच्या बातम्या २०१५ मध्ये जगभर गेल्या. खरे तर मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते आणि मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्राणूवर ठरते. तरीही सवत येते ती बाईच्याच वाट्याला.

हिंदूंमधील द्विभार्या विवाहाला मुंबई प्रांताने १९४६ मध्येच बंदी घातली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मात्र मुभा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १.४ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीला आणखी पत्नी असल्याचे सांगितले. हिंदूंमध्ये हे प्रमाण १.३, तर मुस्लिमांमध्ये १.९ टक्के होते. म्हणजे ही कुणा एका धर्माची गोष्ट नाही. टक्का लहान दिसतो, पण त्यामागची मुले मोजली तर तो लहान राहत नाही.

अशा घरांतील मुलांचा अभ्यास अल-क्रेनावी आणि सहकाऱ्यांनी नेगेव्ह वाळवंटातील बेदुइन अरबांमध्ये केला. एकपत्नी घरांच्या तुलनेत या मुलांमध्ये मानसिक तक्रारी अधिक, शाळेतील प्रगती कमी आणि वडिलांशी नाते कमकुवत आढळले. मात्र मुलांचे मन कसे राहील, हे सर्वाधिक ठरत होते ते घरातल्या वातावरणावरून. उत्तर टांझानियातील २०१५ च्या एका अभ्यासात तर एकाच गावातील घरांची तुलना केल्यावर बहुपत्नी घरांतील मुलांचे आरोग्य खालावलेले दिसले नाही. थोडक्यात, आयांच्या संख्येपेक्षा भांडण, तंगी आणि दुजाभाव मुलाला अधिक पोखरतात.

हे घडते कसे? वडिलांचा वेळ आणि पैसा वाटला जातो. फी कुणाची आधी भरायची, यावर तणाव होतो. आई खचलेली असेल तर मुलाकडे लक्ष देण्याचे त्राण तिच्यात उरत नाही. सततच्या धास्तीने शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, मोठ्यांचे डोके-पोट दुखते. किशोरवयीन मुलगा चिडका होतो, मुलगी गप्प होते. ‘तुझी खरी आई कोणती?’ हा वर्गातला प्रश्न मनात वर्षानुवर्षे सलतो.

घर बदलता आले नाही तरी घरातील वागणूक बदलता येते. दोन्ही घरांतील निरोप मुलांकरवी पाठवू नयेत. सवतीचा राग तिच्या लेकरांवर काढू नये. वह्या, कपडे, औषधपाणी यांत फरक करू नये. वडिलांनी प्रत्येक मुलासाठी ठरलेला वेळ द्यावा आणि तो पाळावा. शिक्षकांनी चारचौघांत घरची चौकशी टाळावी. जीव लावणारे एक जरी मोठे माणूस असेल, मग ती आजी असो वा बाई, तर मूल बरेच सावरते.

कायदाही अशा मुलांना दोषी धरत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार अवैध विवाहातील अपत्येही औरसच मानली जातात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील आई-वडिलांच्या हिश्श्यात त्यांना हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले.

महिनाभर झोप, भूक किंवा शाळा बिघडलेली असेल, तर मुलाला सरकारी रुग्णालयात दाखवावे. ‘टेलि मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मुलाने जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. लग्नाचा निर्णय मोठ्यांचा असतो. त्याचे ओझे दप्तरासोबत मुलांनी का वाहावे?