‘थांब’ म्हणण्याची विद्या : क्रीडादुखापतींच्या शुश्रूषेचे विद्यापीठीय शिक्षण

रुग्णसेवेचा आढावा आणि जमाखर्चाचा तपशील यांच्या जोडीने आरोग्यसेवेच्या एखाद्या शाखेचा परिचय या अहवालातून करून द्यावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वर्षी निवडलेला विषय आहे क्रीडादुखापतींच्या शुश्रूषेच्या शिक्षणाचा. अस्थिरोग विभागात आपल्या मुलामुलींना घेऊन येणारे पालक बहुधा दोन प्रश्न विचारतात. ‘ही पुन्हा कधी खेळू शकेल?’ हा पहिला. दुसरा प्रश्न एखादा पालक जाता जाता विचारतो : ‘याला खेळाची आवड आहे आणि विज्ञानाचीही. असे काही शिक्षण असते का?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच विद्याशाखेत सापडतात.

दि. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक सामना चालू होता. बफेलो बिल्स संघाचा २४ वर्षांचा खेळाडू डमार हॅम्लिन प्रतिस्पर्ध्याशी टक्कर झाल्यावर उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी कोसळला. छातीवर बसलेल्या आघाताने त्याचे हृदय बंद पडले होते. संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तेथेच छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याचा उपचार सुरू केला. विजेचा झटका देणारे एईडी यंत्रही वापरण्यात आले. हॅम्लिन वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. त्याला पुढे मोठ्या रुग्णालयाचे उत्तम उपचार मिळाले हे खरे. परंतु रुग्णालयापर्यंत तो जिवंत पोहोचला, याचे श्रेय मैदानावरच्या त्या पहिल्या मिनिटांना आहे.

‘ट्रेनर’ या शब्दामुळे आपल्याकडे गैरसमज होण्याचा संभव आहे. ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेत वजने उचलून घेणारा शिक्षक नव्हे, संघाचा प्रशिक्षकही नव्हे आणि मालीश करणारा तर नव्हेच. दुखापत टाळणे, ती झाल्यास जागेवर ओळखणे, तातडीचे उपचार करणे, योग्य डॉक्टरांकडे पाठवणे आणि खेळाडूला टप्प्याटप्प्याने पूर्ववत करणे, हे काम डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली करणारा तो प्रशिक्षित आरोग्यकर्मी होय. अमेरिकेत या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला वैद्यकसंलग्न सेवेचा दर्जा दिला. पूर्वी पदवी पुरेशी असे. आता या व्यवसायात प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली असून २०२२ नंतर पदवी पातळीच्या अभ्यासक्रमांत नवे प्रवेश दिले जात नाहीत. शिक्षण संपल्यावर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा द्यावी लागते.

हा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा असतो. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यांत्रिकशास्त्र, आहार, मानसशास्त्र आणि तातडीची वैद्यकीय मदत हे विषय त्यात येतात. मात्र त्याचा गाभा वर्गात नसून मैदानावर असतो. विद्यार्थी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली खऱ्या संघांबरोबर काम करतो आणि डोळ्यांनी पाहणे व हातांनी तपासणे शिकतो. घोटा मुरगळला तर प्रत्येक वेळी क्ष-किरण छायाचित्र काढावे लागते का? कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले नियम सांगतात की, घोट्याच्या व पावलाच्या ठरावीक हाडांवर दाबल्यास दुखते का आणि रुग्णाला चार पावले टाकता येतात का, एवढे पाहून बहुतेक वेळा निर्णय करता येतो. गुडघा थोडा वाकवून नडगीचे हाड हळुवार पुढे ओढले असता ते किती सरकते, यावरून आतील अस्थिबंध तुटला आहे किंवा कसे, याचा अंदाज करता येतो. ही तपासणी दिसते सोपी. पण शेकडो गुडघे हाताळल्याशिवाय हाताला ते ज्ञान येत नाही.

उष्माघाताचे उदाहरण आपल्या हवामानात विशेष विचार करण्याजोगे आहे. १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा वायकिंग्ज या संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सरावादरम्यान झालेल्या उष्माघाताने मरण पावला. त्याच्या नावाने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था उभी राहिली. परिश्रमजन्य उष्माघाताबाबत या क्षेत्रात आज एक सूत्र शिकवले जाते : आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले असेल आणि खेळाडू असंबद्ध बोलू लागला असेल, तर बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात त्याला मानेपर्यंत बुडवून, डोके सांभाळून, तत्काळ तापमान उतरवावे लागते. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हे साधले तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. कपाळाला हात लावून किंवा काखेत तापमापक ठेवून हे तापमान कळत नाही. ते गुदमार्गानेच मोजावे लागते, हेही त्याच शिक्षणाचा भाग आहे. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यासाठी उन्हातान्हात सराव करणारी आपली मुले डोळ्यांसमोर आणली, तर पाण्याचा एक टब आणि बर्फाच्या काही लाद्या यांचे मोल ध्यानात येईल.

तथापि या विद्येतील सर्वांत अवघड धडा औषधाचा किंवा यंत्राचा नाही. तो आहे ‘थांब’ म्हणण्याचा. ऑक्टोबर २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेड या १३ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला शालेय सामन्यात मार लागला. थोड्या विश्रांतीनंतर तो पुन्हा खेळायला उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, परंतु त्याला दीर्घकालीन अपंगत्व आले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा त्या राज्याने २००९ मध्ये केला : मेंदूला मार लागल्याची शंका येताच खेळाडूला बाहेर काढावे आणि अधिकृत आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीवाचून परत उतरवू नये. पुढील पाच वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले.

यामागील कारण मानवी स्वभावात आहे. निर्णायक क्षणी प्रशिक्षकाला विजय हवा असतो, पालकांना मुलाचे कौतुक हवे असते आणि खुद्द खेळाडूला तर खेळायचेच असते. म्हणून तो वेदना लपवतो. अशा वेळी जिंकण्याहरण्याशी ज्याचा संबंध नाही, असा एक जाणकार माणूस तेथे असावा लागतो. विद्यापीठ त्याला ज्ञान देते, आणि त्या ज्ञानाच्या बळावर गर्दीच्या विरुद्ध उभे राहण्याचा अधिकारही देते.

भारतात हे काम मुख्यत्वे फिजिओथेरपीतज्ज्ञ करतात. पोलिओच्या साथींनी ग्रासलेल्या त्या काळात, १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालेले विद्यालय हे देशातील या शिक्षणाच्या आद्य केंद्रांपैकी एक होय. बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला फिजिओथेरपीची पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे, क्रीडा फिजिओथेरपी या विषयातील पदव्युत्तर शिक्षण, असा मार्ग खुला आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. एमबीबीएस झालेल्यांना क्रीडावैद्यकात पुढील शिक्षण घेता येते. १९६१ मध्ये स्थापन झालेली पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था त्यासाठी परिचित आहे. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने फिजिओथेरपीसह वैद्यकसंलग्न व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी एका आयोगाच्या कक्षेत आणली आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता पडताळून पाहावी, अशी पालकांना सूचना करावीशी वाटते. काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणारे वर्ग म्हणजे हे शिक्षण नव्हे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कबड्डीत पकड करताना, खो-खोत दिशा बदलताना किंवा कुस्तीच्या आखाड्यात गुडघा फिरतो, ‘कट्’ असा आवाज येतो, काही तासांत सूज चढते. घरी चोळणे, ओढणे, लेप लावणे यांत आठवडे जातात. सूज उतरली की मुलगी पुन्हा मैदानात जाते आणि सैल झालेल्या सांध्यातील कूर्चाही फाटते. एसीएल या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाल्यावर ९ महिन्यांच्या आत खेळायला उतरल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका ठळकपणे वाढतो, असे संशोधन सांगते. केवळ महिने मोजणेही पुरेसे नाही. दुखऱ्या पायाची ताकद व उडी दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली आहे का, हे मोजून पाहावे लागते. तेव्हा ‘कधी खेळू शकेल?’ याचे प्रामाणिक उत्तर तारखेत नसून या कसोट्यांत आहे. शस्त्रक्रिया एका दिवसात होते. परतीची वाट मात्र महिनोन्‌महिने कोणाच्या तरी सोबतीने चालावी लागते.

सन्माननीय देणगीदारांनी आणि विश्वस्तांनी या विषयाकडे याच दृष्टीने पाहावे, अशी नम्र विनंती आहे. दान म्हटले की इमारत आणि यंत्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांची गरज आहेच. परंतु गावच्या क्रीडांगणावरील एक एईडी यंत्र, बर्फ आणि टब यांची सोय, प्रथमोपचार शिकलेला एक क्रीडाशिक्षक किंवा या विषयाच्या शिक्षणासाठी एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती, हेही रुग्णसेवेचेच दान होय. ज्या मुलीला वेळीच ‘थांब’ म्हणणारे कोणी भेटले, ती कदाचित आमच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत येणारच नाही. तिची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होणार नाही, आणि त्यातच या सेवेचे खरे यश आहे.