आधी माती मोकळी, मग फुलं

पितृपक्ष संपत आला की पुण्यातल्या रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. झेंडू, शेवंती, गुलाब, जे डोळ्यांत भरेल ते घरी येतं. सप्टेंबरअखेर पावसाचा जोर ओसरतो, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी वारे माघारी जातात आणि पाठोपाठ ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागतं. या सांध्यावरच्या दोन-तीन आठवड्यांत बागेची पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची तब्येत ठरते, असं माझं ठाम मत आहे. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीची बाग मी आणि माळीकाका मिळून सांभाळतो. या दिवसांत दरवर्षी आम्हाला हमखास विचारलं जातं, “एवढा पाऊस झाला, तरी लॉन पिवळं कसं?”

एवढा पाऊस झाला म्हणूनच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांत हवा खेळायची, त्या पावसाळाभर पाण्याने भरलेल्या असतात. ओल्या मातीवरून माणसं चालतात, मुलं खेळतात, आणि ती दबून घट्ट होते. त्यात नत्र पाण्यात सहज विरघळतं आणि मुळांच्या आवाक्याबाहेर वाहून जातं. म्हणजे गवत गुदमरलेलंही असतं आणि उपाशीही. गुदमरलेल्या मुळांना खत घालून उपयोग नाही, त्यांना ते नीट घेताच येत नाही. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग खत, आणि फुलं शेवटी.

हवा द्यायची म्हणजे लॉनला भोकं पाडायची. माती ओलसर असावी, पण बुटाला चिकटणारी नसावी. लोखंडी फोर्क तीन-चार इंच आत रोवायचा, जरासा हलवायचा, काढायचा आणि वीतभर पुढे जायचं. फोर्क नसेल तर जाड सळईही चालते. जिथे ये-जा जास्त, तिथे भोकं दाट. मग चाळलेली लाल माती, कंपोस्ट आणि वाळू समप्रमाणात कालवून त्याचा अर्ध्या इंचाहून पातळ थर द्यायचा आणि खराट्याने भोकांत लोटायचा. गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत. देशी लॉन म्हणजे आपली हरळीच, गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो त्याच. तिचे धावते कोंब जमिनीलगत पसरतात आणि पेराला माती लागली की तिथे मूळ फुटतं. मातीच्या या पातळ थराने विरळ जागा भरून येतात त्या अशा.

कापणीतही घाई नको. पावसात मशीन चालवता येत नाही, गवत वाढलेलं असतं, आणि उघडीप मिळाली की लोक ते एकदम बुडख्यापर्यंत उतरवतात. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नये. अन्न तयार करणारी पातीच गेली तर ऐन उन्हाच्या तोंडावर गवताने जगायचं कशावर? आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा कापून ते खाली आणावं. लॉनमध्ये घुसलेला लव्हाळा नुसता उपटला तर वरची काडी हातात येते आणि गाठ जमिनीतच राहून पुन्हा फुटते. खुरप्याने खोलवर उकरून गाठीसकट काढावा.

गुलाबाची छाटणी आम्ही दसऱ्यानंतर, पाऊस खात्रीने थांबल्यावर करतो. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांतही याच सुमाराला ऑक्टोबर छाटणी चालते, आणि दोन्हीकडचं तर्कशास्त्र एकच: छाटणीमुळे डोळे फुटतात आणि नव्या फुटीवर बहर येतो. वाळक्या, काडीसारख्या आणि मधोमध एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. चार-पाच जोमदार फांद्या ठेवून बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप घ्यायचा. मग कापाकडे नीट बघायचं. आतला गर पांढरट असेल तर फांदी निरोगी. तपकिरी असेल तर मर खाली उतरलेली आहे, पांढरा गर लागेपर्यंत खाली कापत यायचं. कापांवर बोर्डो पेस्ट लावायची: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून एकूण 1 लिटर पाण्यात. स्वच्छ लोखंडी सुरी त्यात बुडवून बघावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवावा. छाटणीपासून साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

कुंड्यांतही आधी हवेचंच बघायचं. तळाचं भोक काडीने मोकळं करावं, वरची शेवाळलेली माती खरवडून टाकावी, खुरप्याने हलकी खुरपणी करून दोन मुठी कंपोस्ट मिसळावं. खालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात आणि पावसाळा सरतानाच ती साथ जोर धरते. गोगलगायी असतील तर रात्री ओली गोणपाटं पसरून ठेवावीत. सकाळी त्या खाली जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

थंडीतल्या फुलांचं बीही आत्ताच पेरायचं. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. तिथले पेटुनियाचे ताटवे बघून लोक बी मागायला येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. पेटुनियाचं बी इतकं बारीक की ते वाळूत मिसळून नुसतं मातीवर पसरायचं, झाकायचं नाही, आणि पाणी फवाऱ्यानेच द्यायचं. महिन्याभरात रोपं लावणीला येतात.

या साफसफाईतून निघालेलं गवत आणि पाला कृपा करून जाळू नका. तण बियांवर आलेलं असेल आणि लव्हाळ्याच्या गाठी असतील तर त्या बाजूला काढा. बाकीचं सगळं कुजवा, किंवा कुंड्यांवर दोन इंच आच्छादन करा. ऑक्टोबरच्या उन्हात त्याखालची ओल टिकते, आणि पावसाने जमिनीतून नेलेलं थोडंफार तिथेच परत मिळतं.

या महिन्यात रोपवाटिकेत जाल तेव्हा रोपांच्या आधी यादीत एक फोर्क आणि कंपोस्टची पिशवी लिहा. त्यातून पैसे उरले तर शेवंती जरूर आणा. मोकळ्या मातीत ती तुमच्याकडेही तितकीच फुलेल.